सत्त्याऐंशी बाट, साठ सतांग: मुदतवाढ सेवेबाबत तक्रार आणि मूळ कागदपत्रांची मागणी

हुआ हिन, थायलंड
दिनांक : 18 नोव्हेंबर 2024

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
निवृत्तांसाठी व्हिसा व निवास सेवा

महोदय,

तक्रार मोठी आहे, पण त्यातले तातडीचे आधी सांगतो. माझ्या पत्नीचा थायलंडमधला मुक्काम 22 डिसेंबरला संपतो. तिचा व्हिसा बदलण्याचा अर्ज द्यायचा तर निदान पंधरा दिवस शिल्लक असावे लागतात. तो हिशेब 7 डिसेंबरला येतो आणि त्या दिवशी शनिवार आहे. 5 तारखेला सरकारी सुट्टी. म्हणजे शेवटचा दिवस शुक्रवार, 6 डिसेंबर. अर्जाला लागणारा आमचा विवाह दाखला, दूतावासाचा आणि इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असलेला मूळ कागद, तुमच्या कार्यालयातल्या फाइलमध्ये आहे. "करार बंद झाल्याशिवाय फाइल देता येत नाही, काका," असे मला दोनदा सांगण्यात आले. पैशांचा वाद सावकाश मिटवू. दाखला मला या आठवड्यात हवा आहे.

आता झाले काय ते. तुमच्या प्रतिनिधीने कार्यालयात काय सांगितले असेल याची कल्पना आहे, म्हणून तारखांसकट लिहितो.

ऑक्टोबर 2022 पासून आम्ही दोघे तुमचे ग्राहक आहोत. वर्षाला दोघांचे 24,000 बाट तुम्ही घेता. त्यात माझी निवृत्त म्हणून वर्षाची मुदतवाढ, माझ्यावर अवलंबून म्हणून पत्नीची, दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायची हजेरी आणि करारातल्या शब्दांत 'बँक खात्याची देखरेख' येते. खरे सांगायचे तर मी पैसे मोजले ते या शेवटच्या कलमासाठी. फॉर्म भरणे मला जड नाही, आयुष्यभर तेच केले. पण थाई वाचता येत नाही, आणि बँकेच्या काउंटरवर हसून मान डोलावण्यापलीकडे माझी मजल जात नाही.

नियम तुमच्याच माहितीपत्रकात ठळक छापलेला आहे. वय पन्नास पूर्ण, आणि स्वतःच्या एकट्याच्या नावावर थाई बँकेत 8 लाख बाट. संयुक्त खाते चालत नाही. ही रक्कम अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात असावी, मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लागू नये, आणि उरलेल्या वर्षात शिल्लक 4 लाखांखाली जाऊ नये. 1 मार्च 2019 पासून हे असेच आहे. महिना 65,000 बाट उत्पन्न दाखवण्याची वाटही असते, पण माझी पेन्शन तेवढी नाही. म्हणून आयुष्यभराच्या शिलकीतला मोठा तुकडा आम्ही त्या एका खात्यात घालून ठेवला आणि देवघरातल्या नाण्याला लावू नये तसा त्याला हात लावला नाही. जून आणि डिसेंबरमध्ये व्याज जमा व्हायचे, तेवढे मात्र काढून घ्यायचो. तिथे मी चुकलो. दोन-चार हजार वर ठेवले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते. पण तसे करा म्हणून सांगणे हीसुद्धा देखरेखच नव्हे का?

मार्च महिन्यात मी तुमच्या प्रतिनिधीला म्हटले की या खात्याचे डेबिट कार्ड मी कधी वापरत नाही, त्याचे वार्षिक शुल्क मात्र कापले जाते, तर ते बंद करून टाकू. तो मला बँकेत घेऊन गेला. थाई भाषेतला फॉर्म त्याने भरला, मी सही केली. बाहेर आल्यावर म्हणाला, "झालं काका, कार्ड बंद." मी घरी येऊन कार्ड कात्रीने कापले. आता ऑक्टोबरमध्ये बँकेने तो फॉर्म काढून दाखवला, तो पत्ता बदलण्याचा होता. आमचा पत्ता तेव्हा बदललेला नव्हता आणि आजही बदललेला नाही. कचऱ्यात गेलेले कार्ड बँकेच्या दप्तरी मात्र ठणठणीत जिवंत.

12 ऑगस्टला तुमच्या सांगण्यावरून पासबुकाच्या पानाचा फोटो पाठवला. शिल्लक 8,00,112.40 बाट. तुमच्याकडून होकाराचा अंगठा आला. करारानुसार अर्जाच्या आठवडाभर आधी पासबुक बँकेतून छापून आणून दुसऱ्यांदा तपासायचे होते, म्हणजे 30 सप्टेंबरच्या सुमारास. मी आठवण केली तेव्हा उत्तर आले की ऑगस्टमध्ये बघितलंय ना. 19 सप्टेंबरला त्या जिवंत कार्डाचे 200 बाट बँकेने कापून घेतले होते. शिल्लक 7,99,912.40. आठ लाखाला 87 बाट आणि 60 सतांग कमी.

7 ऑक्टोबरला, सोमवारी, सकाळी साडेआठला आम्ही बँकेत होतो. बँकेचे पत्र त्याच दिवशीचे लागते, पासबुकात त्याच दिवशीची नोंद लागते, हे सगळे तुमच्या माणसाला तोंडपाठ होते. पत्र त्याने घेतले, फोल्डरमध्ये सरकवले. पासबुक यंत्रात घालून छापून घेतले, तेही फोल्डरमध्ये. आकडे काही थाई भाषेत नव्हते, माझ्या हातात कागद आला असता तर मलाही दिसले असते. पण इमिग्रेशनच्या काउंटरवरच्या बाईंनी पेनाचे टोक त्या आकड्यावर टेकवले तेव्हाच मी तो पहिल्यांदा पाहिला. बाई फार सभ्य होत्या. दोनदा पान उलटून पाहिले, आम्हा दोघांकडे पाहिले आणि हलक्या हाताने सगळे कागद परत सरकवले. मुदतवाढीचा टीएम 7 फॉर्म, फोटो, फीचे 1,900 बाट, सगळे जसेच्या तसे. अर्ज नाकारलाही नाही, घेतलाच नाही.

आमची मुदत 25 ऑक्टोबरला संपत होती. त्याच दिवशी दोनशे भरले तरी दोन महिन्यांचा काळ नव्याने मोजायचा, म्हणजे 7 डिसेंबर उजाडणार. मधल्या काळात राहायचे कुठे? मुदत उलटून राहिले तर दिवसाला 500 बाट दंड आणि पासपोर्टवर कायमचा डाग.

इथपर्यंतचे मी निष्काळजीपणा म्हणून सोडून दिले असते. माणसाकडून होते. एप्रिलमध्ये नव्वद दिवसांची हजेरी तुम्ही सात दिवसांच्या सवलतीपलीकडे नेलीत आणि 2,000 बाट दंड बसला, तेव्हा "निम्मे आम्ही, निम्मे तुम्ही" यावर मी हसून मान्यता दिलीच होती. (तुमचे निम्मे अजून यायचे आहेत.) पण त्याच संध्याकाळी तुमच्या कार्यालयात जे झाले ते मी सोडणार नाही.

चहा देऊन मला सांगण्यात आले की काळजी करू नका, दुसरी सोय आहे. 30,000 बाट जादा द्यायचे, पासपोर्ट आठवडाभर ठेवून जायचा. "बँकेत पैसे नसलेल्यांचंही आम्ही करतो काका, तुमचं तर काय." खात्यात एका दिवसापुरते पैसे दिसतील आणि शिक्का दुसऱ्याच प्रांतातल्या कार्यालयातून येईल. मी विचारले, मी राहतो हुआ हिनला, त्या प्रांतात माझा पत्ता कुठला दाखवणार? तर, "ते आम्ही बघतो."

माझ्याकडे पैसे आहेत, साहेब. 87 बाट सोडून सगळे आहेत. ते तीन वर्षे तसेच ठेवण्यासाठी आम्ही दोघांनी हात आखडता घेतला, आणि तुम्ही मला जिथे बसवायला निघालात ती जागा पैसे नसताना ते आहेत असे दाखवणाऱ्यांची. उद्या विमानतळावर एखाद्या अधिकाऱ्याने विचारले की तुम्ही राहता एकीकडे आणि हा शिक्का भलतीकडचा कसा, तर उत्तर मला द्यायचे आहे. तुमचा प्रतिनिधी तेव्हा फोन उचलणार नाही, हे एप्रिलपासून ठाऊक आहे. शिवाय पत्नीचा मुक्काम माझ्या शिक्क्यावर उभा. माझा खोटा तर तिचाही खोटा. मी नाही म्हटले, तेव्हा तुमच्या कार्यालयातल्या ताईंच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते हट्टी म्हाताऱ्याकडे बघण्याचे होते. असू दे.

मग आम्ही सरळ वाटेने गेलो. 14 ऑक्टोबरला सुट्टी, 23 ला सुट्टी, मधल्या दिवसांत तिकिटे. पत्नीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया 24 तारखेला ठरली होती, ती पुढे ढकलली. 21 तारखेला क्वालालंपूरला गेलो, तीन रात्री काढल्या. परतीच्या विमानात बसताना काउंटरवर विचारले, थायलंडमधून पुढचे तिकीट कुठे आहे? व्हिसा नसताना प्रवेश घ्यायचा तर ते मागतात. हे तुमच्यापैकी कुणालाही सांगावेसे वाटले नाही. तिथेच उभ्या उभ्या परत करता येणारी दोन तिकिटे काढली, पत्नी चाकाच्या खुर्चीत, मागे रांग. 24 तारखेला साठ दिवसांचा शिक्का मिळाला. घरमालक भला माणूस, त्याने चोवीस तासांच्या आत टीएम 30 ची, म्हणजे परदेशी माणूस आपल्या घरी राहतो याची, नोंद केली, नाहीतर पुढचा अर्जच अडला असता.

28 ऑक्टोबरला मी एकटा इमिग्रेशनमध्ये गेलो. व्हिसाविना आलेल्यांसाठी टीएम 87 फॉर्म असतो, तो भरला, 2,000 बाट दिले. काउंटरला त्याच बाई होत्या. या खेपेला त्यांनी आकडा पाहून पेन खाली ठेवले आणि हसल्या. 12 नोव्हेंबरला नव्वद दिवसांचा शिक्का मिळाला. फेब्रुवारीच्या आत मुदतवाढ मागायची, तोवर दोन महिने केव्हाच भरलेले असतील. सगळ्याला मिळून दोन सकाळी लागल्या. "एकट्याने जाऊ नका, ते लोक म्हाताऱ्यांना हाकलून देतात," असे तुम्ही दोन वर्षे सांगत होतात.

आता मागणी. वर्षाच्या 24,000 मधून तुम्ही लावलेल्या तीन हजेऱ्यांचे तुमच्याच दरपत्रकाप्रमाणे दोघांचे 3,000 वजा करा, उशिराचीसुद्धा धरली आहे. राहिले 21,000. विमानाची तिकिटे 17,460, हॉटेल 6,300, विमानतळाची टॅक्सी जाता-येता 4,000, माझ्या नव्या व्हिसाचे 2,000. एकूण 50,760 बाट. मुदतवाढीचे 1,900 मी मागत नाही, ते मला तसेही भरायचेच होते. पत्नीच्या व्हिसाचे 2,000 अजून भरलेले नाहीत, म्हणून धरले नाहीत. शस्त्रक्रिया लांबली त्याची किंमत मला काढता आली नाही.

याखेरीज कार्ड बंद करण्याऐवजी पत्ता बदलण्याचा फॉर्म भरला गेला ही चूक तुमची होती, एवढे एका ओळीत लेखी द्यावे, थाई भाषेत. पुढे कधी इमिग्रेशनने मागच्या अर्जाबद्दल विचारले तर फाइलला जोडता येईल. कार्ड मी स्वतः बँकेत जाऊन बंद करून आलो आहे. फॉर्मवरचा मजकूर या खेपेला फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचला आणि मगच सही केली.

रक्कम 15 डिसेंबरपर्यंत न मिळाल्यास मी थायलंडच्या ग्राहक संरक्षण मंडळाच्या 1166 या क्रमांकावर तक्रार नोंदवेन. त्या 30,000 वाल्या सोयीबद्दल तुमच्या कार्यालयातून मला आलेले दोन्ही संदेश मी जपून ठेवले आहेत. ते कुणाला दाखवायचे की नाही, हे अजून ठरवलेले नाही.

विवाह दाखल्यासाठी मी गुरुवारी, 21 नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता स्वतः येतो आहे. पत्नीही बरोबर असेल. तिला जिना चढवत नाही, तेव्हा फाइल कुणीतरी खाली आणून द्यावी. मध्ये फोन करू नये. जे सांगायचे ते लेखी सांगावे आणि त्यात मला 'काका' म्हणू नये.

आपला,
(सही)
ग्राहक, हुआ हिन

सोबत : पासबुकाच्या 12 ऑगस्ट आणि 7 ऑक्टोबरच्या पानांच्या प्रती, बँकेतील पत्ता बदलाच्या फॉर्मची प्रत, तिकिटे व हॉटेलच्या पावत्या.