नवतप्याआधी कापशाला घरात घ्या

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल फोनवर आई म्हणाली, आपला ससा कापशा दुपारभर मोरीजवळ पसरून असतो आणि धापा टाकतो. तेव्हापासून मला चैन नाही. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे सोडतो. पारा ३० अंशांपुढे गेला की त्याला ते झेपत नाही, आणि आपल्या नागपूरच्या अंगणात मे महिन्यात ४५ असतात! नवतपा, म्हणजे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आधी त्याला आत घ्याच. तोवर धाप लागली की कानांना साध्या पाण्याचा ओला फडका लावा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. बर्फाचं पाणी मात्र नको.

सगळं घर एकदम मोकळं करू नका, मागची खोली पुरे. पिंजरा तोच ठेवा, आतलं थोडं जुनं गवतही राहू द्या, म्हणजे ओळखीचा वास राहील. फरशीवर सतरंजी किंवा गोणपाट हवंच. सशाच्या तळव्यांना मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. गुळगुळीत फरशीवर पाय सरकले की तो कोपरा धरून बसतो. एक मोठा खोका उपडा घालून दोन बाजूंना दारं कापा. कुकरची शिट्टी झाली की लपायला जागा हवी. मागचे पाय आपटले तर तो घाबरलाय, तेव्हा उचलू नका.

बाबा, कूलरची वायर आधी उंचावर बांधा. त्याचे दात जन्मभर वाढतात, तो कुरतडणारच. झोतही थेट अंगावर नको.

घाणीसाठी तो स्वतःच एक कोपरा धरेल. तिथे पसरट घमेल्यात रद्दी आणि गवत घालून त्याच्याच चार लेंड्या टाका. पहाटे मऊ लेंड्या खाताना दिसला तर आई, हाकलू नकोस. त्याचं पचन तसंच असतं.

वाळलेलं गवत सतत पुढ्यात असू दे. बाबा, पोळी आणि बिस्किटं बंद! अर्धा दिवस खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आई, गुडघ्यांमुळे खाली बसू नकोस. तिन्हीसांजेला तो तरतरीत असतो, तेव्हा छोट्या स्टुलावर कोथिंबिरीची काडी घेऊन बस. तो आपणहून येईल. रात्री उठाल तेव्हा दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकू नका, तो पायात येतो.

रविवारी व्हिडिओ कॉलवर खोली दाखवा.

तुमची,
लेक