चिऱ्यांच्या ढिगातली घोणस

मजगाव, बेळगाव
30 जून

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितोय. बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि आई, तू निम्मं ऐकूनच रडायला लागतेस. आधीच सांगतो, आम्ही सगळे सुखरूप आहोत.

रविवारी आमच्या परड्यात घोणस निघाली.

कंपाउंडचं काम झाल्यावर उरलेले चिरे मी मागच्या भिंतीला रचून ठेवलेत, ते बाबांनी बघितलेत. "उचल की ते, उंदरं घर करतील," असं तुम्ही दोन पावसाळ्यांमागं म्हणाला होता. मी उचलतो उचलतो म्हणत राहिलो. त्यावर नारळाची सोडणं पडली, गवत वाढलं. उंदरं आली आणि उंदरांमागनं ही आली. तेव्हा चूक माझीच, ते आधी कबूल करतो.

तुमची सूनबाई सकाळी बंबात घालायला सोडणं आणायला गेली होती. सोडणाला हात घालणार तेवढ्यात आवाज आला. बाबा, फवारणीच्या पंपाची नळी निसटल्यावर येतो ना, तसा, फक्त थांबत नव्हता. ती होती तिथंच थिजली आणि मग एकेक पाऊल मागं घेत आली. ओरडली ती घरात आल्यावर. मला तिचं कौतुक वाटलं, तिच्या जागी मी असतो तर आधी ओरडलो असतो.

पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. पलीकडच्या अज्जी गच्चीवरनं कानडीत "होडीब्याड्री, होडीब्याड्री", म्हणजे मारू नका, मारू नका, करत होत्या. समोरचे एकजण फावडं घेऊन आले. आणि एक शहाणे म्हणाले, "अजगराचं पिल्लू आहे हो, शेपटीला धरून उचला." खरा घात तिथंच होतो. बाबा, मी पोर असताना बांधावर मला तुम्हीच दाखवली होतीत, म्हणून मी ओळखली. पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे तपकिरी ठिपके, तीन ओळींत, प्रत्येकाला काळी किनार. डोकं तिकोनी, मान बारीक. अजगराच्या अंगावरचे डाग असे मापात नसतात, ते फाटक्या गोधडीच्या ठिगळासारखे कसेही असतात.

तुम्ही विचारणार, मारली का नाही? खोटं कशाला बोलू, माझाही हात आधी पहारीकडंच गेला होता. 1972 च्या कायद्यानं साप मारणं गुन्हा आहे, पण त्या घटकेला कायदा कुणाला आठवतोय? पहारीनं मारायचं तर पहारीइतकं जवळ जावं लागेल, एवढंच डोक्यात आलं. म्हणून पोरांना आत कोंडलं, फावडेवाल्यांना चहा दिला आणि सर्पमित्राला फोन लावला. तो येईपर्यंत 40 मिनिटं मी मागच्या दारात खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो होतो, ती कुठं सरकते ते बघत. तीही हलली नाही आणि मीही नाही.

आलेला मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे, पंचविशीतला. मला वाटलं आता हातात धरून फोटो काढणार. तसलं काही नाही. पीव्हीसी पाइपचा एक तुकडा, त्याच्या एका टोकाला कापडी पिशवी बांधलेली. पाइप त्यानं चिऱ्यांना लावून ठेवला आणि लांब आकड्यानं तिला नुसती दिशा दाखवली. सापाला अंधारं भोक दिसलं की तो आपणहून आत शिरतो म्हणे, आणि ती शिरलीच. पिशवीचं तोंड आवळताना म्हणाला, "पोटुशी आहे, काका." मला काका म्हणाला, तेही ऐकून घेतलं. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी 20 ते 40 सुद्धा, आणि तीही याच दिवसांत. जन्मल्यापासून विषारी. चिऱ्यांच्या त्या ढिगात हे बाळंतपण झालं असतं तर काय, या विचारानं मला त्या रात्री झोप नाही. वनखात्याला कळवून तो तिला घेऊन गेला. सोमवारी मी रजा काढून ढीग हलवला.

आता खरं लिहायचं ते. बाबा, हे मला तुम्हाला विचारायचं नव्हतं. 1989 च्या सुगीत काकाला चावली तीही घोणसच होती ना?

मी सात वर्षांचा होतो. मला मारुतीचं देऊळ आठवतंय, काकाच्या तोंडात कडुलिंबाचा पाला आणि सगळ्यांचं एकच, "कडू लागतोय का?" काका म्हणायचा, कडू लागतोय. मग सगळ्यांना हायसं वाटायचं, विष चढलं नाही म्हणून. रात्री त्याच्या हिरड्यांतनं रक्त यायला लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला.

आमच्या शेजारी एक सिस्टर राहतात. त्यांना मी परवा हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कडूच लागणार, घोणशीचं विष जिभेला नाही, रक्ताला धरतं. रक्त गोठायचं बंद होतं, मग किडन्या जातात. दवाखान्यात थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखं वाहिलं की सापाचं इंजेक्शन सुरू करतात, बहुतेक 10 बाटल्यांपासून. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांना मिळून एकच औषध असतं, म्हणून कुठला साप ते बघायला त्याच्यामागं धावायची गरज नाही.

तुम्ही धोतर फाडून काकाची मांडी करकचून बांधली होती. तसं बांधू नये, कापू नये, चोखू नये, असं आता सांगतात. पण बाबा, त्या दिवशी आपल्या गावात दुसरं कुणाला काय माहीत होतं? तुम्हाला बोल लावायला हे लिहीत नाही. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशानं 12 लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज वाचला, त्यातली बहुतेक खेड्यातली आणि घरातच गेलेली. काका त्या आकड्यात नाही, तो त्याआधीचा. 2024 पासून कर्नाटकात प्रत्येक सर्पदंशाची नोंद दवाखान्यानं सरकारला द्यायची असते. पण दवाखान्यात गेलं तर नोंद.

तेव्हा एवढं ऐका. देव न करो, पण काही झालंच तर देवळात नाही, वैद्याकडं नाही. 108 ला फोन करा, नाहीतर तिकटीवरच्या जीपवाल्याला उठवा आणि सरळ खानापूरचा सरकारी दवाखाना. तिथनं पुढं बेळगावला मी आहेच. चावलेला हातपाय फळीला सैल बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही. आणि आई, हाताला चावलं तर सूज यायच्या आधी बांगड्या काढाव्या लागतात. तुझ्या बांगड्या मनगटाला रुतल्यात, त्या वाढवाव्याच लागतील. ते अपशकुन वगैरे मनात आणू नकोस. बाबा समोर धडधाकट बसलेले असतील आणि तेच वाढवतील.

बाबा, तुम्ही रात्री शेतात पाणी बघायला जाता तेव्हा बॅटरी खिशात ठेवून अंधारात चालता, सेल संपतील म्हणून. मी चार्जिंगची पाठवली, ती देवघरात ठेवलीत असं आई म्हणाली. ती बाहेर काढा. आणि पाय आपटत चाला.

पंचमीला आम्ही चौघं येतोय. हळदीच्या पानातल्या पातोळ्या पोरांना पाहिजेत, सोडणार नाहीत. येताना बाबांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट घेऊन येतो. आई, बाबांच्या तळपायाचं माप दोऱ्यानं घे आणि तो दोराच पाकिटात घालून पाठव. नंबर बाबांना विचारू नकोस, ते दर वेळी वेगळाच सांगतात.

तुमचा,
बाळू