धोतरा पाठवणार नाही

कोल्हापूर,
माघ वद्य अष्टमी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

चिमूटभर बी मधातून घे, असं मित्रानं सांगितलं म्हणून काल फोनवर तू दम्यासाठी धोतऱ्याची फळं मागितलीस. परड्यातल्या झुडपाला बोंडं भरपूर लागलीत, पण एकही पाठवणार नाही. तू रागानं फोन ठेवलास, म्हणून लिहिते.

तुझ्या मित्राचं सगळंच खोटं नाही. दम्यावर धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढायची रीत जुनी आहे. कनकासव या दम्यावरच्या आयुर्वेदिक औषधातला ‘कनक’ म्हणजे धोतराच. पण आयुर्वेद त्याला उपविष, म्हणजे दुय्यम विष, म्हणतो आणि बी शुद्ध केल्याशिवाय वापरत नाही. तू तर कच्चं बी मधातून घेणार होतास!

मी नर्स असताना एका पोराला घेऊन आले होते. काटेरी बोंड फोडून त्यानं बी खाल्लं होतं. अंग भट्टीसारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. जीभ लाकडासारखी, बाहुल्या पसरलेल्या, लघवी अडलेली. आईला ओळखेना, हवेतले दोरे वेचत बसला होता. दोन दिवसांनी भानावर आला. घरच्यांना वाटलं होतं, मिरचीचं बी असेल. वाळल्यावर दिसतंही तसंच, फक्त तिखट नसतं, कडू असतं.

हे सगळं त्यातल्या अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन या द्रव्यांमुळं होतं. पिकावर औषध मारताना विषबाधा झालेल्या किती शेतकऱ्यांना हेच अ‍ॅट्रोपिन उतारा म्हणून आम्ही शिरेतून दिलंय! नाडी बघत, छातीतली घरघर ऐकत, मिलिग्रॅममध्ये मोजून. त्यानं माणसं वाचली. बियांत ते किती आहे हे मात्र झाडागणिक बदलतं, एकाच झाडावरही सारखं नसतं. मग ‘चिमूटभर’ म्हणजे नेमकं किती, हे तुझा मित्र कसं सांगणार?

अ‍ॅट्रोपिनवरूनच इप्राट्रोपियम हे औषध तयार केलंय. ते पंपातून थेट श्वासनळ्यांत जातं, डोक्यावर फारसा परिणाम करत नाही. तुला ते लागेल का, हे तुझ्या डॉक्टरांना विचार. हातातला पंप मात्र सोडू नकोस. रात्री धाप लागली आणि पंपानंही उतरली नाही, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा.

महाशिवरात्रीला पिंडीवर वाहायला पाच फळं काढून ठेवलीत. झुडूप आज उपटलं, शेजारची नातवंडं परड्यात खेळतात म्हणून. रस डोळ्यात जाऊ नये म्हणून हात दोनदा साबणानं धुतले. रविवारी पहाटेच्या एसटीनं येते. भाकरी आणि लसणाची चटणी आणते.

तुझी
आई