परत हवालदारच

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मिळालेल्या भूमिकेबद्दल "आई, परत हवालदारच" एवढं म्हणालास आणि पुढे दहा मिनिटं घरभाडं, पाऊस, मोटारसायकल असलंच बोलत राहिलास. मलाही फोनवर काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

गेल्या वर्षी ताईकडे लॉस एंजेलिसला होते, तिथली एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. तिथे १० आणि ११० नंबरचे दोन महामार्ग जिथे एकमेकांत गुंततात, त्या जागेला दोसान आन चांग-हो यांचं नाव दिलेलं आहे. समीररावांना विचारलं, हे कोण? ते म्हणाले, कोरियाचे मोठे स्वातंत्र्यसैनिक. आपल्याकडे चौकाला टिळकांचं नाव असावं तसंच की, असं म्हणून मी गप्प बसले. मग ताईने एकदा कलाकारांच्या नावांचे तारे बसवलेल्या हॉलिवूडच्या त्या फुटपाथवर नेलं. लोक मेरिलिन मन्रोचा तारा शोधत होते आणि ताईने मला दुसऱ्याच एका ताऱ्यापाशी उभं केलं. फिलिप आन. त्याच दोसानांचा थोरला मुलगा, नट. "आई, याला बघ, तुझ्या ओंकारचाच भाऊबंद." तेव्हापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. दुपारी झोप येत नाही ती अशी कारणी लागते.

हा १९०५ साली लॉस एंजेलिसमध्येच जन्मला. त्याची गंमत ऐक. वडिलांनी काढलेल्या संघटनेने कोलुसा भागात भातशेतीसाठी जमीन घेतली, पण तेव्हाच्या कायद्यामुळे कोरियातून आलेल्यांच्या नावावर कॅलिफोर्नियात जमीन होत नसे. हा जन्माने अमेरिकन, म्हणून जमीन याच्या नावावर. पावसाने पीक झोपवलं आणि शाळेतून नुकता सुटलेला पोरगा कर्जात बुडाला. ते फेडायला लॉस एंजेलिसमध्ये लिफ्टमनची नोकरी केली. १९२६ मध्ये वडील देशाच्या कामाला निघून गेले ते घरी परत आलेच नाहीत. धाकटा राल्फ त्यानंतर जन्मला, त्याने तर बापाचं तोंडही पाहिलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आईचं. शाळेच्या वयात हा आपल्या मैत्रिणीबरोबर, म्हणजे पुढे नटी झालेल्या ॲना मे वाँगबरोबर, डग्लस फेअरबँक्सच्या चित्रपटाचं शूटिंग बघायला गेला. फेअरबँक्सने तिथेच काम देऊ केलं. पोरगा उड्या मारत घरी आला, तर आईने साफ सांगितलं की असल्या लोकांत माझा मुलगा जाणार नाही. हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं मी. बारावीनंतर तू नाटकाचं शिकायचं म्हणालास तेव्हा मी काय बोलले होते ते तुला आठवत असेल, मला तर शब्दन् शब्द आठवतो. "तोंडाला रंग फासून नाचायला तुला जन्म दिला नाही." बाबा त्या दिवशी जेवले नव्हते. निदान त्या बाईने "नाचायला" असं तरी म्हटलं नव्हतं.

तिचा नकार दहा-बारा वर्षं टिकला. पडद्यावर आला तेव्हा फिलिप तिशीचा झाला होता. एका चित्रपटात त्याला चिनी माणसाचं काम हवं होतं, तर लुइस माइलस्टोन या दिग्दर्शकाने आधी नकार दिला. कारण काय, तर याचं इंग्रजी फार चांगलं! लॉस एंजेलिसला जन्मलेला पोरगा, त्याने कसं बोलायचं? तुला "साब, हम देखता है" असं बोलायला लावतात ना, तसंच. पुण्यात सवाई गंधर्वला जाऊन बसणाऱ्या माझ्या मुलाच्या तोंडी हे असलं. माझा तेव्हा किती संताप होतो, तुला सांगत नाही.

एकदा मात्र बरं काम मिळालं. १९३७ चा 'डॉटर ऑफ शांघाय'. हा सरकारी गुप्तहेर, ॲना मे वाँग नायिका, आणि शेवटी दोघांचं जुळतंसुद्धा. तासाभराचा, कमी पैशांतला चित्रपट. त्याच वर्षी चीनमधल्या शेतकऱ्यांवर मोठा चित्रपट आला, त्यात नवरा-बायको दोन्ही गोरे, चेहरे रंगवून चिनी केलेले. त्यातल्या बाईला ऑस्करही मिळालं. ॲना मे वाँगला ते काम हवं होतं म्हणतात. मी 'डॉटर'च पाहिला, दोनदा.

पुढचं मला बरेच दिवस पचलं नाही. दोसानांना कोरियावर राज्य करणाऱ्या जपान्यांनी १९३२ मध्ये शांघायमध्ये पकडलं, कोरियात नेऊन तुरुंगात टाकलं, सोडलं, पुन्हा धरलं. १९३८ च्या मार्चमध्ये ते गेले. आणि महायुद्ध लागल्यावर हा मुलगा पडद्यावर काय करतो? जपानी अधिकारी! 'बिहाइंड द रायझिंग सन', 'बॅक टू बटान', एकामागून एक क्रूर जपानी. कारण सरळ होतं. अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांना सरकारने १९४२ पासून छावण्यांत कोंडलं होतं, मग जपानी कोण होणार? कोरियन आणि चिनी नट. आपल्या बापाच्या मारेकऱ्यांचा गणवेश रोज सकाळी अंगावर चढवायचा. प्रेक्षकांना तो खराच जपानी वाटायचा, जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं यायची त्याला.

बाबा म्हणाले, हा बाणेदारपणा नव्हे, पोटासाठी केलं. मला तसं वाटत नाही. ते चित्रपट नीट बघ. तो कुठेही हात राखून काम करत नाही, प्रेक्षकाला त्या माणसाची चीड यावी म्हणून जीव ओततो. बापाचा हिशेब तो तिथे चुकता करत असेल, असं आपलं मला वाटतं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, तू शिक्षिका आहेस, सगळ्यात अर्थ शोधतेस.

घर कसं चाललं असेल तेही विचारलं मी ताईला. १९५४ मध्ये त्याने पॅनोरामा सिटी नावाच्या भागात आईबरोबर हॉटेल काढलं, मूनगेट नावाचं. तीस वर्षांहून जास्त चाललं. म्हणजे शूटिंग नसेल तेव्हा गल्ल्यावर. ज्या आईने नाही म्हटलं होतं तीच. (तू ते टिफिनच्या धंद्याचं म्हणत होतास, त्यावर मी नाक मुरडलं. जाऊ दे, पुढच्या वेळी बोलू.)

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९७२ मध्ये, टीव्हीवर 'कुंग फू' मालिका आली. नायक पुन्हा गोराच, पण मठाचे प्रमुख गुरू कान म्हणजे आपला फिलिप. टक्कल, शांत आवाज, उघड्या तळव्यावर एक खडा. पोराला म्हणतो, उचल. पोरगा झडप घालतो, मूठ मिटलेली असते. खडा उचलता येईल त्या दिवशी जा म्हणतो. तेवढ्या मिनिटभराच्या कामावर तिथली एक पिढी त्याला ओळखते. चित्रपट-मालिका धरून कामं मात्र १८० च्या वर. १९७८ मध्ये गेला, तो तारा १९८४ मध्ये बसवला.

तुझा हवालदारही पाहिला मी. गेल्या महिन्यातला, चौकीत चहाचा कप घेऊन येतो तो. साहेब ओरडतो तेव्हा तू कप ठेवत नाहीस, एक क्षण हातातच धरतोस. ते तुला सांगितलं होतं का कुणी, की तुझं तूच केलंस? बाबांनी रिमोट घेऊन दोनदा मागे नेऊन पाहिलं. तुला सांगू नकोस म्हणाले होते.

मेतकूट आणि लसणाची चटणी कुरियरने पाठवली आहे, दाराशी कुणी नसेल तर शेजारच्या काकूंकडे ठेवायला सांगितलंय. आणि पुढचा भाग कधी दाखवणार ते आधी कळव रे. मागच्या वेळी मी चष्मा शोधेपर्यंत तू पडद्यावरून गेलासही होतास.

तुझी,
आई