तुटलेले बोट थेट बर्फात ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उसाचा गळीत हंगाम तोंडावर आला आहे. गुऱ्हाळाच्या चरकात किंवा चारा कापण्याच्या कडबाकुट्टी यंत्रात हात सापडून बोटे तुटल्याच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर अधूनमधून येतात. मात्र तुटलेल्या भागाचे काय करावे, हे त्या बातमीसोबत छापलेले आढळत नाही. मिरजेत शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्याने त्याविषयी लिहीत आहे.

पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून जपानमध्ये १९६५ साली वाचवला गेला, म्हणजे ही विद्या आता नवी राहिलेली नाही. सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या या वाहिन्या केसापेक्षा बारीक धाग्याने शिवतात. तरीही जोडलेले बोट जगेल की नाही, हे बरेचसे रुग्ण टेबलावर येण्याआधीच ठरलेले असते. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात, शक्यतो सलाईनने भिजवलेल्या गॉजमध्ये, गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले की पेशी गोठून मरतात, पाण्यात बुडवून ठेवले की फुगतात. असे थंड ठेवलेले बोट चोवीस तासांपर्यंतही जोडता येऊ शकते, न थंड केलेले साधारण बारा. मनगट किंवा त्यावरचा भाग तुटला असेल तर त्यात स्नायू असल्याने, थंड न करता, जेमतेम सहा तास हाती असतात. जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या माणसाने यातले किती तास रस्त्यावरच जातात याचा हिशेब करावा.

जखमेवर हळद, चुना, तंबाखू काहीही लावू नये. हळदीची बाजारपेठ आपल्या सांगलीची, त्यामुळे हे सांगणे काहींना रुचणार नाही, परंतु ती पूड धुऊन काढण्यात शल्यविशारदाचा मोलाचा वेळ जातो. रक्त थांबवण्यासाठी स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी व हात उंच ठेवावा. कातडीला लोंबणारे बोट तोडून टाकू नये, कारण त्या कातडीतूनही रक्तपुरवठा टिकलेला असू शकतो.

कडबाकुट्टीच्या पात्याने झालेला छेद त्यातल्या त्यात सरळ असतो. चरकात मात्र हाड चुरडते आणि रक्तवाहिन्या आतून ओढल्या जातात, त्यामुळे तिथे यश कमी मिळते. म्हणून चेंदामेंदा झालेला तुकडा नातेवाईक शेतातच टाकून येतात, ते योग्य नव्हे. त्यातली चांगली कातडी, हाड किंवा मज्जातंतू शेजारच्या जखमी बोटासाठी वापरता येतात. काय जोडायचे आणि काय सोडायचे, हे शल्यविशारदाने ठरवू द्यावे.

जोडणे अशक्य झाले तरी उपचार तिथे संपत नाहीत. हाताच्या कामात अंगठ्याचा वाटा सुमारे चाळीस टक्के मानला जातो. तो गेल्यास पायाचे बोट हातावर बसवून किंवा तर्जनी अंगठ्याच्या जागी फिरवून पकड परत मिळवता येते. उघड्या पडलेल्या हाडावर जांघेतील कातडी आणता येते. कोयता, खुरपे, दुधाची किटली धरणाऱ्या माणसाला हे पर्याय जखम शिवून घरी पाठवतानाच सांगायला हवेत, आणि ते सांगितले जातातच असे नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत एक अवयव गमावल्यास एक लाख रुपये मिळतात. तो आधार आहेच, पण त्याने विळा धरता येत नाही.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. जिल्हा प्रशासनाने बोटे जोडण्याची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयांची नावे व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि १०८ रुग्णवाहिकेत लावावेत, म्हणजे जखमीला एका दवाखान्यातून दुसऱ्यात हिंडावे लागणार नाही. आणि आपण वर सांगितलेली माहिती हंगाम सुरू होण्यापूर्वी ठळक चौकटीत छापावी, म्हणजे ती कापून गुऱ्हाळाच्या भिंतीवर चिकटवता येईल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज, जि. सांगली