पावसाळ्यातले मोड

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, मटकीला वास येतो आणि तार सुटते म्हणालीस, त्याचं कारण गुहागरची हवा. पावसाळ्यात पुरचुंडीचा पंचा वाळतच नाही, पाणी तळाशी साचतं, दाण्यांना हवा मिळत नाही आणि ते आंबतात. तेव्हा सप्टेंबरपर्यंत पुरचुंडी बांधून डब्यात कोंडू नकोस, रोवळी घे.

तुम्हा दोघांना अर्धी वाटी मूग किंवा मटकी पुरे. तीनदा धुऊन चौपट पाण्यात 8 तास भिजव. रात्री 10 ला घातले तर सकाळी 6 ला उपसायचे. त्याहून जास्त वेळ बुडून राहिले तर पाण्यातच आंबायला लागतात. उपसल्यावर चांगली पंधरा मिनिटं निथळू दे, इथे घाई अजिबात नको. मग रोवळीत दोन बोटांपेक्षा कमी जाडीचा थर पसर. मोड फुटताना दाणे ऊब सोडतात, म्हणून जाड थर मधोमध तापतो आणि तिथूनच नासतो. वर घट्ट पिळलेला पंचा, खाली ताट, आणि ताटात एक वाटी उपडी घालून त्यावर रोवळी, म्हणजे बूड पाण्याला टेकत नाही. सकाळ-संध्याकाळ धुऊन पुन्हा निथळव. दुसऱ्या सकाळपर्यंत अर्ध्या इंचाचे मोड येतात, तेवढे खूप झाले. पावसात विहिरीचं पाणी गढूळ असेल तर उकळून गार केलेलंच वापर.

न फुगलेले गणंग दाणे भिजवल्यावरच वेचून टाक. खूप निघाले तर कडधान्य जुनं आहे. पेरणीसाठी आणलेलं बियाणं मात्र कधीही भिजवू नका, त्याला औषध चोळलेलं असतं.

बाबा, हे तुमच्यासाठी. कच्चे मोड लिंबू पिळून खाणं कृपा करून थांबवा. जंतू दाण्याच्या सालीच्या बारीक भेगांत असतात, धुऊन जात नाहीत, आणि मोडांना लागणारी ऊब नि ओल त्यांनाही मानवते. तुमच्या वयात अशा जुलाबांनी माणूस फार लवकर खचतो. मोदकपात्रात 7-8 मिनिटं वाफवा, आतपर्यंत चटका बसायला हवा. मग लिंबू, खोबरं, मीठ हवं तसं घाला. चव जात नाही.

कडव्या वालांचं वेगळं. ते बारा तास भिजव, मोडाला पुढे आणखी एक दिवस दे आणि सोलण्याआधी अर्धा तास कोमट पाण्यात ठेव, सालं बोटाने निसटतात. वाल कच्चे चाखूसुद्धा नयेत, बाधतात. बिरडं पूर्ण शिजलंच पाहिजे. हिंग हात सैल सोडून घाल, गॅस कमी होईल.

मेथीच्या मुळाशी पांढरी लव दिसली तर घाबरू नकोस, ती मुळांचीच असते, पाणी घातलं की बसते. दाण्यादाण्यांत कोळिष्टकासारखी पसरलेली, कुबट वासाची असेल तर ती बुरशी. मग फक्त वरचा थर काढून भागणार नाही, सगळंच टाक.

फ्रिजमध्ये ठेवायचे तर आधी कपड्यावर पसरून कोरडे कर आणि दोन दिवसांत संपव. वादळात वीज चार तासांहून जास्त गेली तर ते मोड ठेवू नका, टाकून द्या. अर्धी वाटी मूग पुन्हा भिजत घालता येतात.

तुमची,
ताई