साक्षगंध मोडायचं का?

संपादक महोदय,

मुलीचं साक्षगंध ठरलं आणि मुलानं स्वतःहून सांगितलं: 4 वर्षांपूर्वी वर्धा रोडवर दारू पिऊन गाडी चालवताना पकडलो, कोर्टात 10,000 रुपये दंड भरला. नातेवाईक म्हणाले, सोयरीक मोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर पहिल्याच वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मी हे हलक्यात घेत नाही. माझा सख्खा भाऊ अशाच एका दारुड्याच्या गाडीखाली गेला. म्हणूनच मुलाला समोर बसवून विचारलं. "त्या रात्रीपासून थेंब नाही, काकू," म्हणाला, आणि रडला. लपवलं असतं तर मीच नकार दिला असता. साक्षगंध ठरल्या दिवशीच होईल.

एक आई, नंदनवन, नागपूर